'निराधार' कोणास म्हणावे? : वृद्धसाहाय्याच्या नियमांतील भाषेची एक समीक्षा

शासनाचे नियम हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न भाषाविभागात उपस्थित झाल्यास तो प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. कविता, नाटक, कादंबरी, फार झाले तर अग्रलेख, येथवर समीक्षकाची दृष्टी पोचते. तहसील कचेरीच्या भिंतीवर डकविलेला पात्रतेच्या अटींचा तक्ता तिच्या कक्षेबाहेरचा मानला जातो. वस्तुतः मराठी गद्याचा असा दुसरा प्रकार क्वचितच सापडेल, की ज्यातील एखाद्या शब्दाची व्याप्ती किंचित कमीअधिक झाल्याने वाचणाराचे, किंबहुना ज्यास तो वाचताही येत नाही अशा वृद्धाचे, दरमहाचे धान्य आणि औषध कमीअधिक होते. अशा गद्याची परीक्षा त्यामागील हेतूवरून करणे पुरेसे नाही. हेतू बहुधा चांगलाच असतो. परीक्षा करावयाची ती शब्दांची.

येथे परीक्षेसाठी घेतलेले नियम मुख्यतः महाराष्ट्रातील दोन योजनांचे आहेत. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० मध्ये सुरू झाली. ६५ वर्षांखालील निराधार स्त्रीपुरुष, अनाथ मुले, विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, क्षय, कर्करोग, कुष्ठरोग अशा दुर्धर व्याधींमुळे चरितार्थ चालवू न शकणारे, अशी तिच्यातील पात्र व्यक्तींची यादी काळाबरोबर लांबत गेली आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवा आणि सिकलसेलचे रुग्ण ही त्या यादीतील दोन नावे विदर्भातील वाचकास विशेष ओळखीची वाटतील. वयाची ६५ वर्षे पूर्ण झाली, की श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचे क्षेत्र सुरू होते. हिच्यात दोन गट आहेत : पहिल्यात दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असलेले वृद्ध, दुसऱ्यात त्या यादीत नाव नसलेले परंतु ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत आहे असे वृद्ध. पहिल्या गटाच्या रकमेत केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेचा वाटा असतो. ही केंद्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी दरमहा ७५ रुपयांनी सुरू झाली. २००६ मध्ये ते २०० रुपये झाले, आणि ८० वर्षांखालील वृद्धांसाठी पुढे दीर्घकाळ २०० रुपयेच राहिले. राज्याने आपली भर घालून एकूण रक्कम दरमहा ६०० रुपयांवरून २०१९ मध्ये १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० रुपये केली. दोन्ही योजनांत अर्जदार किमान १५ वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो. तपशील एवढा पुरे.

प्रथम नावाकडे वळावे. 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन' हा सामासिक शब्दसमूह म्हणजे चार निरनिराळ्या विचारविश्वांतून आणलेल्या चार शब्दांची एक रांग होय. श्रावणबाळ हा पुराणकथेतील पुत्र. आंधळ्या आईबापांना कावडीत बसवून यात्रेस नेणारा. सेवा हा भक्तिव्यवहारातला शब्द. राज्य हा शासनव्यवहारातला. आणि निवृत्तिवेतन हा सेवाशर्तींच्या, म्हणजे नोकरीच्या विश्वातला. पहिले दोन शब्द ऐकताच मराठी मनात जे चित्र उभे राहते ते असे, की ज्या वृद्धाला कावडीत बसवावयास कोणी नाही त्याचा पुत्र आता शासन झाले आहे. रूपक म्हणून ते सुंदर आहे, ह्यात शंका नाही. परंतु रूपक नियमाच्या मथळ्यावर ठेवले, म्हणजे नियमाने त्याला जागावे लागते. श्रावणाने आपल्या आईबापांना उत्पन्नाचा दाखला मागितला नव्हता.

शेवटचा शब्द अधिक विचार करावयास लावणारा आहे. निवृत्तिवेतन मिळावयाचे तर आधी निवृत्ती हवी, आणि निवृत्ती हवी तर त्यापूर्वी वेतनाची प्रवृत्ती हवी. जन्मभर दुसऱ्याच्या कापसात वेचणी केलेल्या स्त्रीला ह्यांपैकी काहीच लाभलेले नसते. तिला मजुरी मिळाली, वेतन नाही. अंग थकले, निवृत्ती मिळाली नाही. तिला ज्या दिवशी ६५ वर्षे पूर्ण होतात त्या दिवशी ती शासनाच्या भाषेत 'अनुदान' घेणारी निराधार राहत नाही, 'निवृत्तिवेतन' घेणारी होते. हा शब्दबदल केवळ सौजन्याचा आहे असे समजून सोडून देता आला असता. पण त्याच शब्दाचा दुसरा, खरा अर्थ शेजारीच नांदत असल्यामुळे तुलना टाळता येत नाही. निवृत्त शिक्षकाला किंवा कारकुनाला जे निवृत्तिवेतन मिळते ते खैरात किंवा कृपा नसून केलेल्या सेवेपोटीचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी दिला. तो दिवस पेन्शनर मंडळी आजही पाळतात. अशा शिक्षकाला आपला मुलगा काय मिळवतो हे कोणी विचारत नाही. तो अमेरिकेत असला तरी निवृत्तिवेतनातून एक रुपया कमी होत नाही. कापूस वेचणाऱ्या स्त्रीच्या निवृत्तिवेतनाचा मात्र पहिला प्रश्नच घरात कोण किती मिळवतो हा असतो. एकाच शब्दाने दोन वस्तूंचा निर्देश करावयाचा आणि त्यांपैकी एकीचा मान दुसरीला भाषेपुरता उसना द्यावयाचा, असा हा व्यवहार आहे.

बोली ह्या बाबतीत शासनापेक्षा अधिक चोखंदळ दिसते. ह्या पैशांस खेड्यापाड्यांतील अनेक स्त्रिया 'पगार' म्हणतात : "पगार आला का?", "माझा पगार बंद पडला." पगार हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला, आणि मूळ अर्थ 'देणे चुकते करणे' असा. तेव्हा कोशात न पाहताही त्या स्त्रिया काही एक म्हणत असतात : काम झाले आहे, देणे उरले आहे. हा भाषिक दावा शासनाच्या कोणत्याही शब्दापेक्षा नकारा खटल्यातील निर्णयाला जवळचा आहे.

आता 'पात्र'. पात्रता, पात्र, अपात्र हे शब्द शासकीय मराठीत इतके रुळले आहेत की त्यांच्या पूर्वेतिहासाची आठवण राहू नये. तो इतिहास दानाचा आहे. धर्मशास्त्रात दानाची परीक्षा देश, काल आणि पात्र ह्या तीन अंगांनी करावयाची असते : योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला. तहसीलच्या तक्त्यावरील अटी ह्या दृष्टीने वाचल्या तर आश्चर्य वाटावे इतके साम्य आढळते. १५ वर्षांचा रहिवास हा देश. ६५ वर्षांचे वय हा काल. २१,००० रुपये हे पात्र. परंपरेने दिलेली चौकट नकळत कामास आली, असेच म्हणावे लागते. ह्या चौकटीचा दोष असा, की तिच्यात परीक्षा नेहमी घेणाराची होते, देणाराची कधीच होत नाही. आणि पात्रतेचा निर्णय देणाराच करतो. मिळाल्यानंतर त्या व्यक्तीस जो शब्द लावला जातो तो तर आणखी बोलका आहे. 'लाभार्थी' म्हणजे व्युत्पत्तीने लाभाची इच्छा करणारा, मागणारा. विद्यार्थी किंवा शरणार्थी ह्या जातीचा हा शब्द. लाभ हाती पडल्यावरही ती व्यक्ती भाषेत मागणारीच राहते.

ह्या सर्वांपेक्षा महत्त्वाचा शब्द म्हणजे 'निराधार'. निर् + आधार, आणि आधार म्हणजे ज्याने धारण केले जाते ते. पाणिनीने अधिकरण कारकाची व्याख्या ह्याच शब्दाने केली आहे : क्रिया जेथे आश्रय घेते तो आधार. व्याकरणाच्या अर्थाने निराधार म्हणजे ज्याला अधिकरणच नाही, सप्तमी नाही, कोठेही नसलेला. आणि नियमाला मात्र त्याच्याकडून पहिली वस्तू हवी ती १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा. (निराधाराला आज 'आधार' क्रमांकही जोडावा लागतो, ही कोटी आता इतक्या तोंडी झाली आहे की तिच्यावर थांबण्याचे कारण नाही.) नागपूर जिल्ह्यात ही अट केवळ व्याकरणाची गंमत राहत नाही. छिंदवाडा आणि बालाघाट हे मध्य प्रदेशाचे जिल्हे येथून जवळ. तिकडून मजुरीसाठी इकडे आलेली आणि सीमा ओलांडून ये-जा करीत राहिलेली माणसे पुष्कळ. त्यांच्या वार्धक्याला दोन्ही बाजूंस सप्तमी सापडणे कठीण.

पात्र व्यक्तींच्या यादीतील बहुतेक विशेषणे अभावदर्शक उपसर्गांनी बनलेली आहेत : निराधार, अनाथ, अविवाहित, पूर्वीचे 'अपंग'. विधवा हा शब्दही ह्याच रांगेत बसवला जातो, 'वि' म्हणजे नसलेला आणि 'धव' म्हणजे पती, अशी त्याची फोड करून. ती फोड चुकीची आहे. विधवा हा भारत-युरोपीय कुळातील फार प्राचीन शब्द असून लॅटिनमधील 'विदुआ' त्याचाच बांधव होय. 'धव' हा शब्दच पुढे विधवेवरून मागे जाऊन पाडलेला. परंतु यादी लिहिणाराच्या आणि वाचणाराच्या मनात ही चुकीचीच फोड जागी असते, आणि तिच्यामुळे यादीला एक सलग अर्थ प्राप्त होतो : जिच्याजवळ अमुक नाही ती. आपल्या संविधानाच्या ४१व्या अनुच्छेदाची रचना याहून वेगळी आहे. सार्वजनिक साहाय्याची कारणे सांगताना तेथे बेकारी, आजार, विकलांगता ह्यांच्या बरोबरीने वार्धक्य हे स्वतंत्र कारण म्हणून येते. शासनाच्या आर्थिक कुवतीची मर्यादा तेथेही आहे. पण वृद्धाने वृद्ध असण्याखेरीज आणखी कशाचा तरी अभाव सिद्ध करावा, असे तेथे म्हटलेले नाही.

निराधार ह्या शब्दाचा अर्थ नातेवाचक आहे. मनुष्य निराधार असतो तो कोणाच्या तरी नसण्यामुळे. नियम मात्र हा अर्थ मोजतो रुपयांत, आणि रुपये ज्या भांड्यात मोजावयाचे त्याला नाव देतो 'कुटुंब'. सगळी अडचण ह्या साध्या दिसणाऱ्या शब्दात साठलेली आहे. मराठीत कुटुंब म्हणजे काय? जुन्या पिढीचा गृहस्थ 'आमचे कुटुंब' म्हणतो तेव्हा तो एकट्या पत्नीविषयी बोलत असतो. जनगणना कुटुंब ठरवते ते एका स्वयंपाकघरावरून. शिधापत्रिकेपुरते कुटुंब म्हणजे तिच्यावर नावे असलेली माणसे. हिंदू कायद्याच्या परंपरेत अविभक्त कुटुंबाची खूण अन्न, पूजा आणि मालमत्ता ह्या तिहींच्या एकत्वात मानलेली. आणि खेड्यातील व्यवहारात ह्याहून वेगळी व सूक्ष्म अशी एक परिभाषा आहे : घर एक, चूल वेगळी. 'त्यांची चूल वेगळी झाली' ह्या वाक्यात वाटणी आली, भांडण झाले असेल तर तेही आले, आणि तरीही एक आडभिंत सोडली तर छप्पर तेच राहिले.

समजा, काटोलकडील एखाद्या गावी ६७ वर्षांची एक शेतमजूर विधवा आहे. दारिद्र्यरेषेच्या यादीत तिचे नाव नाही. घर तिच्या नवऱ्याने बांधलेले. पुढच्या खोलीत मुलगा, सून, नातवंडे. मागच्या पडवीत ती, आपल्या चुलीपाशी. मुलगा मोसमात संत्र्यांच्या तोडणीवर आणि एरवी मिळेल त्या गाडीवर जातो. महिन्याकाठी १,७५० रुपये मिळवतो म्हणजे वर्षाचे २१,००० होतात. एवढे मिळवणारा मजूर मर्यादा गाठून बसला. त्या स्त्रीचे कुटुंब कोणते? चुलीने पाहिले तर ती एकटीच. शिधापत्रिकेने पाहिले तर सहा माणसे. अर्जावरील रकान्याला चुलीची भाषा येत नाही.

येथपर्यंत हा व्याख्येचा प्रश्न झाला. व्याख्या सुधारून तो कदाचित सुटेलही. त्याखालचा प्रश्न सुटावयास अवघड आहे. त्या स्त्रीला अर्जात, म्हणजे तलाठ्यापुढे, म्हणजे गावापुढे, स्वतःविषयी एक विधान करावयाचे आहे : मी निराधार आहे. मुलगा असलेल्या आईच्या तोंडी ह्या वाक्याचा अर्थ 'माझे उत्पन्न कमी आहे' असा होत नाही. तो होतो 'माझा मुलगा मला पाहत नाही' असा. मराठीत 'पाहणे' आणि 'विचारणे' ही क्रियापदे वृद्धांच्या संदर्भात पोषण करण्याच्या अर्थाने येतात. 'मुलगा विचारत नाही' हे गावातल्या गावात उच्चारलेले आरोपपत्र असते. पुष्कळ आया ते उच्चारीत नाहीत. मुलाची अब्रू राखण्यासाठी त्या म्हणतात, 'बघतो ना माझा पोरगा', आणि ह्या वाक्याने त्या अपात्र होतात. उलट जिने ते विधान केले तिला पैसे मिळतात, आणि मुलाशी असलेला उरलासुरला संबंध त्या कागदावर खर्ची पडतो. ज्या योजनेचे नाव श्रावणबाळ आहे तिने आईकडून 'माझा श्रावणबाळ नाही' असे वदवून घ्यावे, ह्यातील विसंगती नाव ठेवणारांच्या ध्यानात आली नसावी. शासन पुत्र होऊ इच्छिते, परंतु खरा पुत्र असल्यास तो आधी काढून टाकावा लागतो.

संजय गांधी योजनेतील एक तरतूद ह्या दृष्टीने मुळातून पाहण्याजोगी आहे. तिचा आशय असा, की अपत्ये २५ वर्षांची होईपर्यंत किंवा नोकरीस लागेपर्यंत, ह्यांपैकी जे आधी घडेल तोवर लाभ द्यावा. मात्र केवळ मुलीच असल्यास त्या २५ वर्षांच्या झाल्या किंवा त्यांचे विवाह झाले तरी लाभ चालू ठेवावा. तरतूद दयाळू आहे, आणि ती काढून टाकावी असे कोणी म्हणणार नाही. पण अपवाद हा नियमाचा अर्थ उघड करणारा सर्वांत विश्वासू साक्षीदार असतो. मराठीतील 'मुले' हा शब्द संदिग्ध आहे; नपुंसकलिंगी अनेकवचन म्हणून त्यात मुलगे आणि मुली दोन्ही येतात, आणि 'मुले व मुली' असे म्हटले की तो फक्त मुलग्यांपुरता आखडतो. वरील अपवादाने ही संदिग्धता एका फटक्यात मिटवली आहे : आधार होऊ शकणारे अपत्य म्हणजे मुलगा. कायदा मात्र दुसरेच सांगतो. विवाहित मुलीवरही वृद्ध पित्याच्या पोषणाची जबाबदारी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात ठरविले. आणि २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहविषयक अधिनियमाने अपत्यांत मुलगा, मुलगी, नातू, नात असे चौघांना एका ओळीत बसविले. एका शासनाच्या दोन ग्रंथांत 'आधार' ह्या शब्दाचे लिंग वेगवेगळे आहे.

२१,००० ह्या आकड्याविषयी थोडे बोलावयास हवे. एका वृद्धेला मिळणारे दरमहा १,५०० रुपये वर्षाला १८,००० होतात. म्हणजे एका व्यक्तीला द्यावयाचे साहाय्य आणि अख्ख्या कुटुंबाची उत्पन्नमर्यादा ह्यांत अवघ्या ३,००० रुपयांचे अंतर. साहाय्याची रक्कम वाढवताना मर्यादेकडे पाहिले गेले नाही, हे उघड आहे. अशा मर्यादेत खरोखर बसणारे कुटुंब शोधणे कठीण, आणि तरीही पात्र कुटुंबे आहेत. ह्याचा भाषाशास्त्रीय अर्थ असा, की उत्पन्नाचा दाखला हे आता वर्णनपर विधान राहिलेले नाही. ऑस्टिनने १९५५ च्या व्याख्यानांत ज्यांना कृतिरूप उक्ती म्हटले त्यांत त्याची गणना करावयास हवी : तो खरा की खोटा हा प्रश्न गैरलागू ठरून, तो लागू पडला की नाही एवढेच उरते. दाखल्यावरील आकडा उत्पन्न सांगत नाही. दाखला देणाराची तयारी सांगतो. ह्यामुळे अधिकार कोणाच्या हाती जातो हे समजण्यास भाषाशास्त्राची गरज नाही.

वयाची कथा अशीच. २००७ च्या अधिनियमाप्रमाणे ६० व्या वर्षी मनुष्य ज्येष्ठ होतो. राज्याच्या २०१८ च्या ज्येष्ठ नागरिक धोरणानेही ६० हेच वय मानले. केंद्राने आपल्या निवृत्तिवेतनाचे वय २०११ मध्ये ६५ वरून ६० वर आणले. श्रावणबाळाच्या लेखी मात्र वार्धक्य ६५ व्या वर्षी येते, आणि एस.टी.च्या गाडीत विनामूल्य बसण्यापुरते, २०२२ पासून, ७५ व्या.

परदेशाकडे दृष्टी टाकल्यास ह्या नियमांची जात अधिक स्पष्ट होते. नागपुरास घर उबदार ठेवण्यासाठी साहाय्य मागण्याचा प्रसंग येत नाही; येथे वृद्धांचा वैरी उन्हाळा. ब्रिटनमध्ये मात्र १९९७ पासून वृद्धांना हिवाळी इंधनासाठी रक्कम दिली जाते. २०० पौंड, आणि ८० वर्षांपुढे ३०० पौंड असा तिचा सर्वपरिचित दर. नाव इंधनाचे असले तरी रक्कम रोख असते आणि तिने कोळसाच घेतला की कांबळे, हे विचारले जात नाही. दीर्घकाळ तिची मुख्य अट केवळ वय ही होती. २०२४ मध्ये इंग्लंड-वेल्सपुरती ती उत्पन्नाधारित साहाय्य घेणाऱ्या वृद्धांपुरती मर्यादित करण्यात आली; एवढा गदारोळ उठला की २०२५ मध्ये वार्षिक ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या सर्वांना ती पुन्हा खुली करावी लागली. ही मर्यादा वृद्ध व्यक्तीच्या स्वतःच्या उत्पन्नाची आहे. आयर्लंडमध्ये वीज, गॅस आणि दूरचित्रवाणीचा परवाना ह्यांसाठी जे घरगुती साहाय्य मिळते त्याची रचना आणखी उद्बोधक आहे : ७० वर्षांखालील वृद्धाला 'तू कोणाबरोबर राहतोस?' हा प्रश्न तेथेही विचारला जातो, परंतु ७० पूर्ण होताच तो प्रश्नच गळून पडतो. उत्पन्न किती आणि घरात कोण, ह्यांपैकी काहीच पाहिले जात नाही. धनिक देशांशी आपली तुलना रकमेच्या बाबतीत करणे व्यर्थ होय. तुलना प्रश्नाची आहे. कमावत्या मुलाच्या घरी राहणे हा आईचा अपराध ठरू नये, एवढी काळजी घेण्यास पौंड लागत नाहीत, असे म्हणता येईल काय? सर्वस्वी म्हणता येणार नाही. मुलाचे उत्पन्न वगळले तर पात्र वृद्धांची संख्या वाढेल आणि खर्चही वाढेल. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर भाषेच्या अभ्यासकापाशी नाही. पण तो आक्षेप तिजोरीचा आहे, हे तरी स्पष्टपणे लिहिले जावे. तो 'निराधार' ह्या शब्दाच्या अर्थात दडवून ठेवला, म्हणजे तिजोरीची मर्यादा आईच्या तोंडून मुलाची निंदा होऊन बाहेर पडते.

वाक्यरचनेविषयी एक निरीक्षण नोंदविल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ह्या जातीच्या नियमांत दोन प्रकारची वाक्ये आढळतात. 'अर्जदाराने दाखला सादर करावा' हा एक नमुना; 'अर्जावर निर्णय घेण्यात येईल' हा दुसरा. पहिल्यात कर्ता तृतीया विभक्तीत ठळकपणे उभा आहे आणि क्रियापद विध्यर्थी आहे. दुसऱ्यात कर्ता नाहीच. 'करण्यात येणे' ही रचना शासकीय मराठीचा खास अलंकार. तिच्यामुळे कृती घडते, पण ती कोणी, केव्हा करावयाची हे वाक्याला ठाऊक नसते. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात वृद्धापकाळ निवृत्तिवेतन प्रत्येक महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यावे असे सांगितले, त्यात कर्ता होता आणि तारीखही होती. योजनांच्या मराठीत ती तारीख रुजली नाही. उलट वृद्धावरील कर्तव्ये वाढत गेली. त्यांतील सर्वांत विलक्षण म्हणजे हयातीचा दाखला. नोव्हेंबर २०१४ पासून शासकीय निवृत्तिवेतनधारकांसाठी 'जीवन प्रमाण' नावाची अंगुलिमुद्रेची पद्धत आली. खुरप्याने आणि शेणामातीने झिजलेल्या बोटांची मुद्रा यंत्रास उमटत नाही, ही तक्रार त्या पद्धतीइतकीच जुनी आहे.

नागपूरकरांस ह्या परिभाषेविषयी बोलण्याचा थोडा अधिक अधिकार आहे. १९५६ पर्यंत हे शहर द्विभाषिक प्रांताची राजधानी होते, १९५० च्या अधिनियमाने हिंदी व मराठी ह्या दोहोंस येथे राजभाषेचे स्थान मिळाले, आणि डॉ. रघुवीरांनी संस्कृत धातूंवरून प्रशासनाचे शब्द पाडण्याचा जो प्रचंड उद्योग केला त्याचे एक प्रमुख केंद्रही हेच. पुढे १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने महाराष्ट्रापुरते ते काम निराळ्या धोरणाने चालविले. १९६२ चा पदनाम कोश आणि १९७३ चा शासन व्यवहार कोश ही त्याची फळे. त्या काळातील वाद सारा 'शब्द सोपा की अवघड' एवढ्यापुरता चालला. 'निवृत्तिवेतन' अवघड, 'पेन्शन' सोपा. 'अनुदान' संस्कृत, 'मदत' अरबी. शब्द ज्याला लावावयाचा त्याला तो स्वतःविषयी उच्चारता येईल काय, ही कसोटी त्या वादात कोणी लावल्याचे दिसत नाही. शेजारच्या मध्य प्रदेशाने आपल्या योजनेला 'सामाजिक सुरक्षा पेंशन' असे रुक्ष नाव दिले आहे. त्यात पुराणकथा नाही, पुत्र नाही, दयाही नाही. आणि म्हणूनच ते घेणारीला मान खाली घालावी लागत नाही. केंद्राच्या १९९५ च्या नियमांतही पात्र वृद्ध हा 'निराश्रित' असावा लागे. २००७ मध्ये ती अट काढून तिच्या जागी दारिद्र्यरेषेखालील कुटुंब ही अट आली. यादीचे दोष पुष्कळ आहेत, आणि कुटुंब हा शब्द तेथेही आलाच. तथापि यादीत नाव असणे ही घटना आहे. तिच्यासाठी कोणाला स्वतःच्या तोंडाने काही म्हणावे लागत नाही.

महाराष्ट्राच्या नियमांत 'निराधार' राहिला. बोलणारांनी मात्र त्याची वाट आपल्या रीतीने लावली आहे. 'संजय गांधी निराधार अनुदान योजना' ह्या पाच शब्दांतून लोकांनी पहिले दोन ठेवले, आणि बँकेच्या रांगेतून परतणारी म्हातारी शेजारणीला एवढेच सांगते : "संजय गांधीचे पैसे आले." श्रावणबाळाचेही तसेच, 'सेवा', 'राज्य' आणि 'निवृत्तिवेतन' गळून एक नाव उरले, आणि ते नाव कोणाच्या मुलाचे आहे हे आता कोणाला आठवत नाही. संक्षेप ही भाषेतील नित्याची प्रक्रिया होय. पण कोणता शब्द गाळावयाचा ह्याची निवड नित्याची नसते. ह्या पाचांतून गळाला तो स्वतःविषयी उच्चारण्यास जड जाणारा शब्द. अर्जाच्या नमुन्यावर तो अजून छापलेला असतो, मथळ्यात.